बिरदेव मीटिंगला बसला त्याची गोष्ट

मेंढरं टँकरखाली आली तेव्हा बिरदेव शिरवळच्या अलीकडे एका करंजाखाली पालथा पडला होता. कोकणातून परतीची वाट होती, पाऊस तोंडावर आलेला. त्याचा बाप कोंडीबा बिऱ्हाडाची घोडी घेऊन पुढं गेला होता; कळप हायवेच्या पलीकडं न्यायचं काम बिरदेवचं. त्यानं ढाब्यामागं बाटली तोंडाला लावली, जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झाला, आणि मेंढरं आपली आपण रस्त्यावर चढली.

शुद्धीवर आला तेव्हा कोंडीबा रस्त्याच्या कडेला एका गाभण मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या असत्या, काठी घातली असती, तर बरं वाटलं असतं. पण म्हातारा त्याच्याकडं बघेचना.

फलटणजवळ गावी पोचले आणि सोनमनं, त्याच्या बायकोनं, लेकीचे कपडे पिशवीत भरले.

"आज मेंढरं गेली. उद्या ही पोर तुमच्या हाताशी आसंल," ती म्हणाली. "मी न्हाई थांबत." आणि आटपाडीला माहेरी निघून गेली.

दारू सोडायचा प्रयत्न त्यानं केला नव्हता असं नाही. माळ घातली, ती खुंटीला अडकवून प्याला. बिरोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली, आठवडाही टिकली नाही. आई रंगुबाईनं कुणाकडून तरी आणलेली दारू सुटायची पावडर भाजीत कालवली. ओकला आणि पुन्हा गुत्त्यावर गेला. मिरजेकडं एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तर सुटून घरी येताना सांगलीच्या स्टँडबाहेरच प्यायला बसला.

आता काही उरलं नव्हतं. एका दुपारी तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला. खाली पाणी हिरवं, गच्च. फलटणच्या स्टँडवर भिंतीला 'दारू सोडायचीय?' असं लिहून रंगवलेला एक नंबर त्यानं मागं कधीतरी चेष्टेनं मोबाइलमध्ये घालून ठेवला होता. तो लावला.

"कोण बोलतंय?" एक घोगरा आवाज आला.

"मी पिलोय."

"बरं. कुठं हायस?"

"हिरीवर."

मग आवाज म्हणाला, "आधी तिथनं उठ. फोन ठिवू नगंस. घराकडं चालत चालत बोल माझ्याशी."

तो हिंदुराव. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, एके काळी गटारात सापडणारा माणूस. रंगुबाईच्या हाती फोन जाईपर्यंत त्यानं बिरदेवला बोलतं ठेवलं.

रविवारी फलटणला शाळेच्या एका वर्गात दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग असायची. बिरदेव गेला, पण धीर यावा म्हणून पिऊनच गेला. कुणी हाकललं नाही. पोरांच्या बाकात त्याचे गुडघे मावेनात. कुणाल नावाचा तरुण शिक्षक उभा राहून सांगत होता, "आईला खांदा द्यायला माझा भाऊ बोलवत होता. मला उभंच राहता येत नव्हतं."

बिरदेवच्या अंगाची आग झाली. तो उठलाच. "नुसत्या गोष्टी सांगताय बसून! माझी मेंढरं उठणार हायत का ह्यानं?"

"न्हाई उठणार," हिंदुराव म्हणाला.

बिरदेव निघून गेला आणि तर्र झाला. पण ते 'न्हाई' काही डोक्यातून जाईना. आजवर कुणी उपदेश केला होता, कुणी देवाचं नाव घेतलं होतं. खरं एवढं एकच कुणीतरी बोललं होतं.

पुढच्या रविवारी तो परत गेला. दारू तुटली तशी भिंतीवर मेंढरं दिसू लागली; हिंदुरावानं त्याला डॉक्टरकडं नेऊन दाखल केलं. त्यातून उठल्यावर एका मीटिंगला तो उभा राहिला. "मी बिरदेव. मी दारुडा हाय." एवढंच म्हणून खाली बसला. दसऱ्याला पुन्हा घसरला. तोंड लपवून वर्गाच्या दारात उभा राहिला, तेव्हा कुणाल बाकावर नुसता सरकला.

दिवाळी झाली. मेंढरं कोकणात न्यायची वेळ आली. त्यानं घोड्यांचं सामान काढून ठेवलं. कोंडीबा म्हणाला, "औंदा तू न्हाई. चुलत्याचा धुळा यील."

"आबा, दसऱ्यापास्नं थेंब घेतला न्हाई."

"नसशील घेतला." म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा दिला. "पर मेंढरांस्नी कसं सांगू?"

रविवारी पहाटे बिऱ्हाड हललं, रंगुबाईही गेली. मेंढरांच्या वाड्यात लेंड्या आणि तुटलेली जाळी तेवढी राहिली. बिरदेव उंबऱ्यात बसला. गुत्त्याची वाट समोरूनच जात होती आणि आता अडवायला कुणी नव्हतं. त्यानं स्वतःचाच हात चावला. मग फोन लावला.

"चहा ठिव. आलोच," हिंदुराव म्हणाला, आणि पहिल्या एस्टीनं आला.

दोघं उंबऱ्यातच चहा प्याले.

"मला न्हाई वाटत मी टिकंन," बिरदेव म्हणाला.

"मला बी वाटत नव्हतं. अजून कधी कधी वाटत न्हाई. ऊठ, मीटिंगला जायचंय."

त्या दिवशी वर्गात बिरदेवनं टँकर, करंज, गाभण मेंढी सगळं सांगितलं. सांगताना तो मोठ्यानं रडला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. संध्याकाळी त्यानं आटपाडीला फोन केला. सोनमनं उचलला.

"मी येणार न्हाई," ती आधीच म्हणाली.

"ये म्हणून न्हाई केला."

पलीकडं लेकीचा आवाज ऐकू येत होता, पण फोन तिच्याकडं गेला नाही.

"मीटिंगला गेलता?" सोनमनं विचारलं; रंगुबाईकडून तिला कळलं असावं.

"व्हय."

"जात ऱ्हावा," ती म्हणाली, आणि फोन कट केला.