समोरच्या दुकानातल्या साड्या

लेकीनं माझं कपाट आवरायला काढलं आणि एकोणीस साड्या पलंगावर रचल्या. अकरा साड्यांची घडीही मोडलेली नव्हती.

"नेसत नाही तं घेतं कायले वं आई?"

"आवडते मले," मी म्हटलं. तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं. आठवडी बाजाराला शेलूबाजारला जीपमधून उतरले की भाजीच्या आधी पाय त्या साडीच्या दुकानाकडे वळत.

मग ते दुकान हायवेवरच्या नव्या इमारतीत गेलं. तिथंही गेले. माणसं तीच, माल जास्तच चांगला. पण हात पुढे होईना. रिकामी पिशवी घेऊन निघाले आणि परतीच्या जीपमध्ये उमगलं, जुन्या दुकानाच्या बरोबर समोर मला नाकारून गेलेल्या माणसाचं कापडदुकान होतं.

मी वीस वर्षांची असताना तो मला पाहायला आला होता. पोह्यांच्या दोन बशा संपवून माझ्या वडिलांना म्हणाला, "पोरगी कामाची हाये, पन चारचौघांत नेता येनार नाही." मी दाराआडून ऐकलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

म्हणजे मला साडी नको होती. भरली पिशवी घेऊन पायऱ्या उतरताना त्यानं मान वर करून पाहावं, एवढंच हवं होतं.

पुढच्या बाजाराला सरळ त्याच्याच दुकानात जाऊन बसले. गल्ल्यावर त्याची बायको होती. "दाखवा," म्हटलं. तो एकेक साडी उलगडत गेला. गादीवर ढीग झाला, त्याच्या कपाळावर घाम आला, तरी मी "आनखी" म्हणत राहिले. शेवटी विचारलं, "ओळखलं काय? तुमी मले पाहाले आले होते, माह्या माहेरी, इंझोरीले."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असंन, बाई. तवा लय पोरी पाह्यल्या."

खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही ओळखलं नव्हतं.

तरी मी उठले नाही. वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या राह्यल्या." तो स्टुलावर चढला. त्याचे गुडघे दुखत असावेत. चढताना त्यानं दोनदा थांबून श्वास घेतला. मी ते मोजलं. सगळी फळी रिकामी झाल्यावर उठले.

"एकही पसंत नाही."

घरी येऊन घडी न मोडलेल्या अकराही साड्या लेकीला देऊन टाकल्या. बरं वाटलं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. दुकानातल्या त्या घड्या घालायला त्याला संध्याकाळ झाली असेल.