नदीच्या वळणावरचा ठिपका

थंडी अशी पडली होती की नळाला पाणी यायच्या आधी नुसतीच कुरकुर ऐकू येत होती. पुसेअण्णांनी छापखान्यातल्या प्लेटखान्याचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि आधी औषधाच्या डब्यावर हात ठेवून पाहिला. बर्फासारखा. गारठलेलं औषध म्हणजे रुसलेला जावई, कितीही विनवा, जागचा हलत नाही. त्यांनी बादलीत पाणी तापवलं, डबा त्यात बसवला आणि वाफेवर हात धरून उभे राहिले.

अण्णांचं आडनाव काही पुसे नव्हतं. दैनिक दुपारी निघायचं, त्यामुळे सकाळी घाई. पान जुळवून आलं की अण्णा त्याची ॲल्युमिनियमची पातळ प्लेट तयार करायचे, आणि प्लेट मशीनवर चढायच्या आत कुणाला काही नकोसं झालं, की ते कापसाच्या बोळ्यानं आणि एका जळजळीत औषधानं तेवढंच पुसायचे. पुसलेली जागा कागदावर पांढरी येते. एकदा पुसलं की परत येत नाही, मग ब्रह्मदेव येवो की मालक. पोरसवदा वयात मशीनचे रूळ धुवायला म्हणून लागलेला हा माणूस आता केस पिकून म्हातारा झाला, आणि या काळात त्यानं चुकीच्या नवऱ्याचा फोटो पुसला होता, मेलेल्या माणसाला दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पुसल्या होत्या, बड्या लोकांची नावं तर किती पुसली त्याला गणती नाही. मशीनवरचा फोरमन म्हणायचा, "अण्णा, वर गेल्यावर चित्रगुप्त तुम्हालाच नोकरीला ठेवणार बघा. त्याच्याकडं खाडाखोड फार."

"पगार वेळेवर देत असेल तर आत्ता जातो," अण्णा म्हणायचे.

त्या सकाळी संपादकबाई पान स्वतः घेऊन आल्या. एरवी शिपाई आणायचा. डोळ्याला डोळा लागला नसावा, पदर खांद्यावरून घसरलेला.

"अण्णा, याची प्लेट तुम्हीच करा. आणि दार लावून करा."

अण्णांनी पान काचेवर पसरलं. मथळा वाचला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. सरहद्दीवरच्या उंच चौक्यांवर जवानांना ऊब म्हणून ज्या शेगड्या दिल्या होत्या, त्या सदोष होत्या. त्यांतून वास नसलेला विषारी वायू सुटायचा आणि झोपलेला माणूस झोपेतच जायचा. घरच्यांना कळवलं जायचं, थंडीनं गेला. फौजेच्याच एका डॉक्टरनं हे सगळं अहवालात लिहिलं होतं. अहवालावर "गुप्त" असा शिक्का बसला आणि शेगड्या तशाच जळत राहिल्या. कुणीतरी जिवावर उदार होऊन तो अहवाल बाईंच्या हाती दिला होता. बातमीच्या मध्ये नकाशा होता. दोन डोंगररांगा, मधून नदी, आणि ज्या चौक्यांवर त्या शेगड्या होत्या तिथं काळे ठिपके.

एक ठिपका नदीच्या वळणावर होता.

गेल्या सुट्टीत अण्णांचा फौजेतला धाकटा मुलगा घरी आला होता. आई परातीत गहू निवडत बसलेली. तिनं विचारलं, तू राहतोस तरी कुठं रे? त्यानं गव्हात बोटानं दोन डोंगर काढले, मधून नदी ओढली, आणि जिथं ती वळते तिथं एक दाणा ठेवला. मग हसून तळव्यानं सगळं सपाट केलं. "आई, हे तू पाहिलं नाहीस. बाबा, तुमचाच धंदा करतोय, पुसायचा."

अण्णांनी प्लेट केली. हात आपलं काम करत राहिले, हातांना काय.

प्लेट वाळते न वाळते तोच दारावर थाप पडली. संरक्षण खात्याचे साहेब आले होते. एकटे, साध्या कपड्यांत, आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. बातमी छापायच्या आधी बाईंनी खात्याला विचारलं होतं, हे खरं का म्हणून. त्याचं उत्तर साहेब स्वतःच घेऊन आले होते. त्यांनी वाकून प्लेट पाहिली.

"बाई, या नकाशानं काय होईल ठाऊक आहे? पलीकडचेही वाचतात. या चौक्यांवर माणसं आजारी आहेत, निम्म्या रिकाम्या आहेत, हे तुम्ही त्यांना बोट ठेवून दाखवताय."

"अहवाल तुमच्याकडं मागच्या हिवाळ्यात आला. किती शेगड्या बदलल्यात?"

"काम चालू आहे."

"चालू आहे म्हणजे बसलंय."

साहेबांनी ओठ दाबले. "मी तुम्हाला खोटारड्या म्हणत नाही. दोन महिने द्या. तोवर हे गुप्त आहे, आणि गुप्त ते छापणं गुन्हा आहे. तुम्हाला आत जावं लागेल."

"दोन महिन्यांत किती झोपतील, साहेब?"

"आणि उद्या तोफा लागल्या तर किती?"

अण्णांच्या कानात नुसता बादलीतल्या पाण्याचा आवाज. त्यांना वाटलं, दोघांचंही खरं आहे, आणि दोन्ही खऱ्यांच्या मध्ये आपलं पोरगं अंथरूण घालून झोपलंय. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हेच.

साहेब वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेले. बाई हळूच म्हणाल्या, "अण्णा, ठिपके पुसले तर?"

"बाई," अण्णा म्हणाले, "त्या वळणावरच्या ठिपक्यात माझा धाकटा आहे."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं. म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा. ठिपके ठेवले तर चौकीचं नाव चव्हाट्यावर येईल, लाजेकाजेस्तव तरी तिथली शेगडी आधी बदलतील. पण पलीकडच्यांनाही कळेल. तुम्ही म्हणाल ते करते. बातमीच मागं घ्या म्हणालात, तर तीही घेईन."

एवढा मोठा निर्णय कुणी अण्णांवर कधी सोपवला नव्हता. मागं घ्या, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. मग बाकीच्या ठिपक्यांकडं लक्ष गेलं. तिथल्या पोरांच्या बापांना कुणी विचारायला गेलं नव्हतं.

"ठिपके पुसतो," ते म्हणाले. "बातमीला हात लावणार नाही. कुणी सांगितलं तरी."

हातमोजे शोधायला वेळ नव्हता. बोळा औषधात बुडवून त्यांनी एकेक ठिपका पुसला. वळणावरचा शेवटी. तो पुसताना त्यांना आपणच पोराच्या तोंडावर पांघरूण ओढतोय असं झालं.

साहेब फोनवरून परतायच्या आत प्लेट चढली. निम्मे अंक गाड्यांतून गेले असतील नसतील, तोच पोलीस आले. उरलेले अंक ताब्यात, प्लेट ताब्यात, बाई ताब्यात. जाताना बाई फोरमनला एवढंच म्हणाल्या, "दिवे घालवा, बिल फार येतं." दुपारी रेडिओवर सरकारी खुलासा आला. शेगड्या उत्तम आहेत, बातमी खोटी आणि देशाला घातक आहे. फाटकाबाहेर माणसं जमली. काही देशद्रोही म्हणून ओरडत होती. पण जास्त होत्या त्या आया आणि बाप, हातात घडी घातलेला अंक घेऊन. ते ओरडत नव्हते. एक म्हातारी गजातून हात घालून दिसेल त्याची बाही धरत होती. "कुठली चौकी ते सांगा की रे. आमची आहे का तेवढंच सांगा."

अण्णांची बाही तिनं धरली. सगळ्या चौक्या अण्णांच्या डोळ्यांपुढं होत्या. "मावशी, मला काय ठाऊक," ते म्हणाले आणि बाही सोडवून घेतली. आयुष्यभर साहेबलोकांना लपवायचं ते पुसलं, त्याचं कधी ओझं वाटलं नव्हतं. आता गुपित ठेवणारे तेच झाले होते.

घरी बायको परात मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी अंक. कुठून मिळाला कोण जाणे.

"आलात?"

"आलो."

"आपल्या पोराची चौकी आहे का यात?"

"नकाशात चौक्या नाहीत, बघ ना."

तिनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. औषधानं उजव्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती, कातडी सुटली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला ती बोटं वाचता येत होती.

"नाहीत की पुसल्यात?"

अण्णांनी हात मागं घेतला. तिनं परातीतला गहू पसरला. बोटानं दोन डोंगर काढले, नदी ओढली, वळण दिलं. पोरानं काढलेलं तिनं नीट ध्यानात ठेवलं होतं. वळणावर एक दाणा ठेवला आणि परात त्यांच्यापुढं सरकवली.

"बोलू नका. बोलायची बंदी असेल तुम्हाला. ठिपका इथं होता का, एवढंच."

अण्णांनी दाण्याकडं पाहिलं. मग तळवा फिरवून सगळा गहू सपाट केला.

तिनं तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात फोन वाजला. आज धाकट्याचा फोन यायचा वार होता. चौकीवरून येणाऱ्या फोनवर तिसरं माणूस ऐकत असतं, भलतं बोललं की तार तुटते, हे दोघांनाही पाठ. आईनं डोळे पुसून विचारलं, जेवलास का, सर्दी गेली का, आणि घाईनं फोन अण्णांकडं दिला.

"बाबा, आई अशी का बोलतेय?"

"थंडी आहे इकडं. तुम्ही झोपता कसे रे?"

"झोपतो की. ऊब असते. बर्फ फार आहे, सगळं बंद करून घेतो."

"दार किलकिलं ठेवून झोपत जा."

धाकटा हसला. "बाबा, इथं दार किलकिलं ठेवलं तर सकाळी आम्हाला पहारीनं सोडवावं लागेल."

"हसू नकोस. माझं ऐक." अण्णांनी डोळे मिटले. सकाळी बातमी मागं घ्या म्हटलं नाही, ते यासाठीच ना. "ती शेगडी–"

खट्ट झालं. तार तुटली.

"ऐकलं का त्यानं?" बायकोनं विचारलं.

"काय ठाऊक."

"शेगडी म्हणालात ना? तुम्ही म्हणालात, मी ऐकलं. मग त्यानंही ऐकलं असेल."

"असेल."

"लागेल परत फोन."

"लागेल."

फोन मधोमध ठेवून दोघं बसली. अंधारून आलं तसा तिनं उठून दिवा लावला, परात पुन्हा ओढली आणि तिचा अर्धा काठ त्यांच्या मांडीवर टेकवला. अण्णांनी जळक्या बोटांनी गहू चाळवला. खडे बोटांना कळत नव्हते, म्हणून ते डोळ्यांजवळ मूठ नेऊन एकेक दाणा बघून निवडू लागले.