पट वाढवायला निघालेले बाबा

आमचं लंडन म्हणजे राणीचं लंडन नव्हे, कॅनडातलं, ऑन्टॅरिओतलं. फोनवर हे इतक्या वेळा सांगून झालंय की आता सांगतानासुद्धा माझी चिडचिड होते. नवरा तिथल्या इस्पितळात कामाला होता, मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात अर्धवेळ जायचे. दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

आई गेली त्या वर्षीच्या सप्टेंबरात बाबा आमच्याकडे आले. व्हिसा सहा महिन्यांचा. मला मात्र ते दर वर्षी यायला हवे होते, जमलं तर कायमचे. नागपूरच्या त्या घरात ते एकटे वरणभात करून, एकटेच ताट मांडून बसतात, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण आठव्या दिवशीच त्यांनी मला विचारलं, "परतीची तारीख अलीकडे करता येते का गं?" त्यांचंही बरोबरच होतं. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलेली, शेवटी शेवटी मुख्याध्यापक. इथे हुकूम सोडायला कुणी नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि टीव्हीवर सदानकदा बर्फावरची हॉकी.

त्यांना थांबवलं ते शाळेनं. माझी मुलगी तेव्हा सीनियर किंडरगार्टनमध्ये होती. आमच्या घरापासून दोन वळणांवर लाल विटांची, बसकी, एकमजली शाळा होती, मागे भलंमोठं मैदान. एका सकाळी मला उशीर होत होता म्हणून बाबा तिला सोडायला गेले, आणि ते काम त्यांनी मला परत म्हणून दिलंच नाही. तारखेचा विषयही पुन्हा निघाला नाही. शाळा अर्ध्या दिवसाची. सोडून घरी यायचं, चहा घ्यायचा, की आणायची वेळ. बर्फ पडायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाई एकट्या आणि मुलं वर्गभर. प्रत्येकाच्या स्नोपँट, बूट, हातमोजे, आणि ती न लागणारी चेन. बाबा दारातच उकिडवे बसून चेनी लावायला लागले. बाईंनी त्यांना रीतसर मदतनीस करून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं हे ऐकून बाबा दोन दिवस घुश्शात होते. "मुख्याध्यापकाची चौकशी?" असं स्वतःशीच पुटपुटायचे. मग प्रमाणपत्र आलं आणि त्यांनी ते पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवलं. वर्गातली सगळी मुलं त्यांना 'आजोबा' म्हणायची. मुलांना ते त्यांचं नावच वाटायचं. माझी मुलगी तेवढी त्यांच्यावर साहेबी करायची, "आजोबा, नो, धिस इज द लेफ्ट बूट!" आणि ते मराठीत म्हणायचे, "हो बाई, चुकलं."

जानेवारीत तिच्या दप्तरातून शहरातल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाचं पत्र आलं. मुलं कमी होत चालली आहेत, छप्पर आणि बॉयलर जुने झाले आहेत, तेव्हा ही शाळा चालू ठेवायची की नाही याचा विचार चालू आहे. पालकांनी जिममधल्या सभेला यावं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, हळहळतील. ते एकदम ताठ बसले.

"म्हणजे पट कमी झाला," ते म्हणाले. "मग मास्तर लोक घरोघर गेले की नाही?"

"इथे कुणी घरोघर जात नाही, बाबा."

"म्हणूनच कमी झाला."

त्यांच्या नोकरीत उन्हाळ्याची सुट्टी कधी सुट्टी नव्हतीच. पट घसरला की तुकडी तुटायची, तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरून कुठल्या तरी कोपऱ्यातल्या गावाला जायचा. म्हणून मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधून सगळे मास्तर वस्त्यांवर फिरायचे. अंगणात खेळणारं पोर दिसलं की त्याचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटं डाव्या कानाला टेकली की ते शाळेच्या वयाचं झालं. मग आईशी बोलणं, चहा, आणि वहीत नाव. लहानपणी मीही त्यांच्यासोबत हिंडले आहे, त्यामुळे त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळायला हवं होतं.

ते कळलं नाही, कारण माझ्या डोक्यात भलतंच होतं. दिवाळीच्या जेवणात एका ओळखीच्या मराठी बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं होतं. "अगं, पहिलीपासून फ्रेंच इमर्शनला टाक. तिकडचा क्राउड चांगला आहे. जानेवारीत अप्लाय केलं नाहीस तर गेलं वर्ष." सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणारी ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिवळ्या बसने जायची. आम्ही दोघांनी एका रविवारी दुपारी फॉर्म भरून टाकला होता. बाबांना सांगू सावकाश, असं म्हणून मी ते टाळलं. खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड उतरलेलं बघायचं नव्हतं.

पत्र आल्यानंतरच्या आठवड्यात मला ऑफिसात शाळेच्या प्रिन्सिपलचा फोन आला. तुमचे वडील ठीक आहेत ना, त्या विचारत होत्या. कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्या भागात एकेका दाराची बेल वाजवून "गुड मॉर्निंग, एनी चाइल्ड अ‍ॅट होम?" असं विचारत फिरत होते. एका घरात एक लहान मुलगा आईच्या पायामागून डोकावला, तर या गृहस्थांनी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे नेला. त्या आईने घाबरून दार लावलं आणि शाळेत फोन केला. प्रिन्सिपलबाईंनी तिला सांगितलं की ते आमचे आजोबा आहेत. मला हे सांगताना त्या हसत होत्या. मला काही हसू आलं नाही.

घरी येऊन मी बाबांवर तोंड टाकलं. इथे परक्या मुलाला हात लावत नाहीत, पोलीस येतात, माझी इथे काही अब्रू आहे की नाही, असं बरंच बोलले. ते ऐकून घेत होते, वर्गातलं पोर ऐकतं तसे. माझं संपल्यावर त्यांनी घरोघरची पोरं टिपलेली वही पुढे केली.

"पोरं आहेत गं इथे," ते म्हणाले. "या चार घरांतली मोठी पोरं बसने दुसरीकडे जातात. त्यातलं एक घर तर आपलं मराठी आहे. त्यांना तू सांग. तुझं ऐकतील."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते." आणि कुकर लावायला घेतला.

सभेला बाबांनी कोट घातला, बूट पुसले. जिममध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बोर्डाचे गृहस्थ सभ्यपणे समजावत होते. पैसे मुलांच्या डोक्यांवर येतात, अर्ध्या रिकाम्या इमारतीवर नवं छप्पर घालायला कुणी मंजुरी देत नाही. शहराच्या कडेला नवी घरं होताहेत, बांधायची झाली तर शाळा तिकडे बांधावी लागेल. मग त्यांनी लोकांना बोलायला सांगितलं. बाबांनी मला कोपराने ढोसलं. ते मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ते छान बोलले. शाळा बंद पडते तेव्हा आधी मास्तरांनी जाणं सोडलेलं असतं आणि मग लोकांनी येणं, असं म्हणाले. मी सांगत गेले आणि लोक वळून बघायला लागले. चेनी लावण्याबद्दल बोलले तेव्हा बाई पुढच्या रांगेत डोळे पुसत होत्या. शेवटी ते म्हणाले, "आमची नात पुढच्या वर्षी पहिलीत इथेच बसणार आहे. सुरुवात आमच्या घरापासून." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "थँक यू," आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. बाबा काही वेळ उभेच राहिले. त्यांनी सातवीपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं. बोलायला कचरायचे, पण समजायचं सगळं.

घरी चालत येताना ते म्हणाले, "शेवटचं राहिलं गं सांगायचं."

"फॉर्म भरलाय, बाबा. दुसऱ्या शाळेचा. बसने जाईल."

फुटपाथवर बर्फ कडक झालं होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना धरून चालत होतो. त्यांनी हात सोडला नाही. विचारलं, "चांगली आहे ती शाळा?"

"हो."

"मग ठीक. पोरीचं नुकसान नको."

ते रागावले असते तर मी भांडले असते, माझ्याजवळ मुद्दे तयार होते. ते कशालाच उपयोगी पडले नाहीत. त्यानंतर बाबा कुणाच्या दारी गेले नाहीत. मार्चमध्ये परत जाईपर्यंत रोज सकाळी मुलीला घेऊन शाळेत मात्र गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. एक मोठी कानटोपी, एक लहान गुलाबी टोपी, ती पुढे, ते मागे. घड्याळाकडे बघत मी डबे भरायचे, ऑफिसला पळायचे. आज वाटतं, एखादा दिवस रजा टाकून मीही जायला हवं होतं त्यांच्यामागोमाग. त्या दोन वळणांसाठी जीव तुटतो माझा. मुलीला तर ती शाळा आठवतसुद्धा नाही.

बोर्डाने शाळा बंद करायचं ठरवलं. सप्टेंबर जवळ आला तशी मी बाबांना फोन केला. तिकीट काढते, आता निघा, थंडीच्या आधी पोचाल, म्हटलं.

"तिला आता बस नेणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो. कोपऱ्यावरूनच."

"मग मी येऊन काय करू तिथे?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते ते. 'माझ्यासाठी या' एवढंच म्हणायचं होतं मला, अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नसे, निदान तेव्हापर्यंत मी तरी कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, हिवाळा जाऊ दे मग. उन्हाळ्यात ठरवू."

हिवाळा संपायच्या आत बाबा गेले.