फेराचं माप

आमच्या धंद्यातली एक सवय आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जागेचा सर्व्हे करायला गेलं की जे उभं असतं तेवढंच कागदावर काढायचं. विहीर, विजेचा खांब, झाड, देऊळ, दगडी बांध. नुसत्या जमिनीचं काही काढत नाहीत. तिथं कागद पांढरा सोडतात आणि वर बारीक अक्षरात 'मोकळी जागा' असं लिहितात. सगळेच असं करतात, मीही वर्षानुवर्षं केलं. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी शिरूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाईमाणूस असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, हसायचं तर हसा. घर दौंडला, वडील रेल्वेत. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, त्यामुळे राग माझ्या नाकावर कायम. साहेबांना मात्र कलेचं आणि समाजकामाचं भारी वेड. शाळांतल्या चित्रकला स्पर्धा त्यांच्या, बुद्धविहाराच्या वाचनालयाचा नकाशा त्यांनी फुकट काढून दिलेला, वढूला समाधीच्या दर्शनाला जाणाऱ्या लोकांसाठी रस्त्याकडेला पाणपोई त्यांचीच. "कुरकुंभच्या कारखान्यांच्या शेडची कामं पोटासाठी, आणि ही मनासाठी," असं म्हणायचे. मी मागे तोंड वाकडं करायची. यांचं मन भरायचं आणि ट्रेसिंग पेपरवर वाकून मान माझी मोडायची!

कवठे येमाईच्या पलीकडे धनगरांची एक वस्ती होती. एकेकाळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारी घरं, आता कांदा-बाजरी करून एका जागी राहिलेली. दसऱ्याला बिरोबाच्या देवळापुढे ढोल वाजायचा आणि त्याच्याभोवती गजी व्हायची, म्हणजे हातात रुमाल घेऊन गोल फेर धरून नाच. साहेब एका दसऱ्याला तिथं गेले आणि परत आले ते भारावूनच. "अगं, इतकी मोठी कला आणि तिला साधं व्यासपीठ नाही!" असं दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रंगमंच बांधून द्यायचं ठरवलं. डिझाइन आमचं, विनामूल्य. कुरकुंभच्या एका कारखान्यानं छताचे पत्रे कबूल केले. आणि जागा मोजायला कोण? मी!

टेपचं दुसरं टोक धरणारा ऑफिसातला माणूस ऐनवेळी आलाच नाही. मी तिथं उन्हात धुसफुसत उभी, तेवढ्यात देवळाच्या ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ उठून आले. ढोल तेच वाजवायचे, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. त्यांनी टेपचं टोक धरलं आणि मी सांगेन तिथं मुकाट्यानं उभे राहत गेले. विहीर झाली, खांब झाला, लिंब झाला, देऊळ झालं. मी टेप गुंडाळायला लागले तर म्हणाले, "आन् फेर?"

"कसला फेर, आबा?"

त्यांनी मला देवळापुढच्या जमिनीवर नेलं. बघितलं तर काही नाही, नुसती माती. पण ती माती साधी नव्हती. दसऱ्याच्या आधी आठवडाभर तिथं मेंढरं बसवायची, खुरांनी जमीन दबली की पाणी शिंपडायचं, मग बायकांनी सडा घालायचा, असं त्यांच्या आज्याच्याही आधीपासून चाललेलं. आबांनी पायताण काढलं, डोळे मिटले आणि चालायला लागले. गोल. एक अख्खा फेर मारून जिथून निघाले त्याच दगडाला त्यांचा अंगठा लागला तेव्हा थांबले. डोळे उघडून लहान मुलासारखे हसले.

"पायाला ठावं हाय, बाई. आमी मोजलं कवाच न्हाई. पण माझ्यामागं कुणाच्या पायाला ठावं ऱ्हाईल, काय सांगावं? तुमी मोजा. ढोलापासनं फेर किती लांब, त्ये लिवा. आन् ही जागा सोडायची, ह्येबी लिवा."

आता काय सांगू! कवठ्याहून माझी एसटी चारला होती. ती चुकली तर घरी पोचायला अंधार, आणि मग आईचं सगळं ऐकून घ्यायचं. टेप मी गुंडाळलेली. पुन्हा उलगडायची, खुंटी ठोकायची, म्हाताऱ्याला टोक धरायला लावायचं, माझ्या जिवावर आलं. पण ते समोर उभे, माझ्या वहीकडे बघत. मी वही उघडली, पेन काढलं आणि लिहिलं. काय लिहिलं ते अक्षर न् अक्षर पाठ आहे माझ्या. दळण. साबण दोन. आईच्या चष्म्याची काडी. केसांच्या पिना.

आबांना वाचता येत नव्हतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी लिहिलं.

"लिवलं?"

"लिहिलं, आबा."

"झाक झालं," ते म्हणाले, आणि मला एसटीपर्यंत सोडायला आले.

ऑफिसात साहेबांनी माझा कागद पसरला. देवळापुढच्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं काही आहे का गं?" त्यांनी विचारलं होतं, हे मला नीट आठवतं, कारण पुढं मी ते विसरून जायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी म्हटलं, "काही नाही साहेब, मोकळं आहे." त्यांनी पेन्सिल घेतली आणि रंगमंच बरोबर त्या पांढऱ्याच्या मध्यावर बसवला. चार फूट उंच, मागे भिंत, पुढे पायऱ्या. दिसायला सुरेख होता, खोटं कशाला बोलू.

पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा वस्तीतली तरणी माणसं गुत्तेदाराच्या अंगावर गेली. त्यांना कुणी गप्प केलं? आबांनी! "बाईंनी लिवलंय. माझ्या डोळ्यांदेखत लिवलंय. मधली जागा सोडत्याल त्ये, दम धरा." माझ्या भरवशावर त्यांनी स्वतःच्या माणसांना मागे ओढलं. काँक्रीट पडल्यावर कळायचं ते कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

उद्घाटन दसऱ्यालाच ठेवलं होतं. खुर्च्या, माइक, हारतुरे. रंगमंचावर एक संगमरवरी पाटी होती. साहेब मोठ्या मनाचे, त्यांनी तिच्यावर फर्मच्या नावाखाली 'सर्वेक्षण' म्हणून माझंही नाव कोरून घेतलं होतं. नाचणारे पायऱ्या चढून वर गेले. मागे भिंत, पुढे खुर्च्यांवरचे पाहुणे, मग फेर धरायचा कसा? शाळेतल्या कवायतीसारखे एका रांगेत उभे राहून रुमाल हलवत राहिले. कडेचा एकजण पडता पडता वाचला. साहेब मनापासून टाळ्या वाजवत होते. आबा वर चढलेच नाहीत. ढोल गळ्यात घालून खाली, रंगमंचाच्या सावलीत उभे राहून वाजवत होते, आणि वरच्यांना ठेका नीट ऐकू जात नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले. वाटलं, आता चारचौघांत शिव्या खायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुमी तर लिवलं व्हतं नव्हं?"

आणि मी काय म्हणावं? "लिहिलं होतं आबा. साहेबांनी बदललं."

इतक्या सहज निघालं तोंडातून! आबांनी मान हलवली. "मोठ्या लोकांपुढं तुमी तरी काय करणार? तुमचा काय दोस न्हाई," असं म्हणून माझ्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. मी तो खाल्ला. तिथंच उभी राहून, त्यांच्यादेखत खाल्ला.

त्यानंतर वस्तीतली माणसं साहेबांशी तुटक वागायला लागली. साहेबांना कारण कळेना. एकदा त्यांनी मला विचारलंही, "आपलं काही चुकलं का गं तिथं?" मी म्हटलं, "गावाकडची माणसं, साहेब. केलेल्याची जाण नसते." इतकी नीच मी त्याआधी कधी झाले नव्हते आणि नंतरही झाले नाही. रंगमंचाचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला, तो बघून नवी कामं आली, आणि मी रोज त्याच्याकडे पाठ करून बसायची. रंगमंचावर पुढं कांद्याच्या गोण्या राहायला लागल्या. गजी बंद पडली.

मध्ये दहा-एक वर्षं गेली. मी दौंडलाच एका कन्सल्टंटकडे कामाला लागले, नकाशे कॉम्प्युटरवर आले, हातात मोबाइल आला. एक दिवस त्या मोबाइलवर आबांच्या सुनेचा फोन, नंबर जुन्या ऑफिसातून मिळवलेला. आबांच्या थोरल्या मुलानं देवाच्या नावानं आपल्या रानाचा एक तुकडा सोडला होता. तिथं नवीन फेर आखायचा होता. "जुना फेर केवढा व्हता त्यावरनं समद्यांची भांडणं चालल्यात, ताई. ज्यो त्यो येगळंच सांगतोय. आबा म्हंत्यात, माप बाईंच्या वहीत हाय. वही घिऊन याल का?"

त्याच वेळी खरं सांगून टाकायचं की नाही? फोनवर तर होते, तोंडही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "येते."

वही होती माझ्याकडे. फील्डबुकं आम्ही टाकत नाही. एसटीत ती मांडीवर ठेवून सगळा वेळ ठरवत होते की गेल्या गेल्या आबांचे पाय धरायचे आणि सगळं ओकून टाकायचं.

गेले तर सगळी वस्ती रानात जमलेली. बायका सडा घालायला घमेली घेऊन उभ्या. तेवढ्यासाठी कुठून तरी दहा-बारा मेंढरं मागून आणलेली. मध्ये ढोल ठेवलेला. आबा फार थकले होते, मोतीबिंदूनं एक डोळा गेलेला. मला बघून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्याच त्या बाई. आपल्यापायी सायबासंगं भांडल्या व्हत्या." मी भांडले होते हे कधी झालं, देव जाणे! इतक्या वर्षांत मनानंच त्यांनी मला तेवढं मोठं करून ठेवलं होतं.

मी वही उघडली. आबा माझ्या खांद्याशी आले, एका डोळ्यानं पानाकडे बघितलं आणि त्या चार ओळींवर बोट ठेवलं. "ह्येच त्ये. चार वळी व्हत्या, माझ्या ध्यानात हाय. वाचा बाई."

बोट साबणावर होतं.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ढोलापासून अकरा पावलं."

का अकरा? कोण जाणे. तोंडात आलं ते बोलले. लगेच खुंटी ठोकली, दोरी बांधली, माणसांनी अकरा पावलं मोजली आणि फक्कीनं गोल आखला. भांडण मिटलं. सगळ्यांना केवढा आनंद झाला!

मग आबांनी पायताण काढलं. डोळे मिटले आणि त्या पांढऱ्या रेघेवर चालायला लागले. पाच-सहा पावलं बरोबर गेली. मग त्यांचे पाय आत वळायला लागले. रेघ बाहेर राहिली आणि ते आतून चालत राहिले, हातभर आतून, न चुकता गोल. कुणीतरी हसलं. "आबा, रेघ सोडली की!"

आबा थांबले. डोळे उघडून त्यांनी खाली बघितलं. मग ती रेघ, मग स्वतःचे पाय, मग माझ्या हातातली वही. ओशाळल्यासारखे हसले.

"म्हातारा झालो, बाई," ते म्हणाले. "माझाच पाय चुकाय लागला. लिवलेलं कसं चुकंल?"

आणि रेघेवर परत येऊन, डोळे उघडे ठेवून, ते माझी अकरा पावलं शिकायला लागले.