बाजाराचा दिवस

जळालेली मोटर घेऊन कुणी आलं की गनीचाचा आधी त्याला चार शब्द सुनवायचे, मग माठातलं पाणी द्यायचे आणि मग मोटर उघडायचे. ढाणकीच्या बसथांब्याजवळ त्यांचं वाइंडिंगचं दुकान. पूर्ण नाव अब्दुल गनी, पण त्या नावानं फक्त मतदारयादी त्यांना ओळखायची. आसपासच्या खेड्यांत ज्याच्या विहिरीवर मोटर, त्याच्या ओळखीचे गनीचाचा, असा साधा हिशेब होता. एवढी ओळख म्हणजे माणसाची कमाईच. पुढे हीच ओळख त्यांच्या मुळावर येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चाचांनी त्यालाही चार शब्द सुनवले असते.

त्यांचा मुलगा अब्रार. हात असा बसलेला की तांब्याची तार न बघता भरायचा. एका उन्हाळ्यात तो म्हणू लागला की मोटरी आपलं नाव घेतात. चाचा हसले. काही दिवसांनी अब्रार दुकानातल्या मोटरींना उत्तरं द्यायला लागला, आणि हसू आटलं. आई आधीच वारली होती. घरात बाप, अब्रार आणि धाकटी नसरीन. नजर उतरवून झाली, दर्ग्यावरचे गुरुवार झाले, कुणी सांगितलं म्हणून एका मांत्रिकाच्या दारातही बसून झालं. पोरगा मात्र दिवसेंदिवस वाळत गेला आणि बापाकडं परक्यासारखा बघू लागला.

मग ढाणकीच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजारांसाठी जिल्ह्याचं पथक यायला लागलं. एक डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि गोळ्यांच्या पेट्या. अब्रारला महिन्याला एक सुई आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही महिने चाचांचा विश्वासच नव्हता. मग एका सकाळी अब्रारनं स्वतःहून मोटर उघडली, तार मोजून कापली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशीही वाकडं न बोलता ती भरून दिली. चाचा त्या दिवशी दुकानामागं जाऊन रडले. पोरगा परत मिळाला होता. आता महिन्याची ती सुई चुकू द्यायची नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं.

पथकाचा दिवस आडवार, म्हणजे बाजार नसलेला दिवस असायचा. त्या दिवशी ढाणकीत दुपारी कुत्रं फिरत नाही, सगळं गाव शेतात. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर, रस्त्याकडं तोंड करून एक लांब बाक होता. त्यावर मोजकी घरं बसायची. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. तिथंच चाचांची धर्मपालशी ओळख झाली. धर्मपाल कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि बायकोला, उर्वशीला, घेऊन यायचा. बाळंतपणानंतर उर्वशी कोपऱ्यात बसली ती बसलीच होती. गोळ्यांनी ती उठली, पोराला मांडीवर घ्यायला लागली. धर्मपाल आणि चाचा त्या बाकावर पान खायचे आणि पाऊसपाण्याचं बोलायचे.

अशात यवतमाळहून निरोप आला. जिल्ह्याची मनाच्या आजारांसाठीची पाच वर्षांची योजना आखायची आहे, घरच्या माणसांचंही ऐकायचं आहे, तर ढाणकीकडून गनीचाचांनी यावं. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला आणि पहाटेची एसटी धरली. सभागृहात पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता. कुठं पथक जातं, कुठं जात नाही, किती गावांना किती लांब पडतं, सगळं त्यावर रंगवलेलं. डॉक्टरीणबाई तिथंही होत्या. त्यांनी चाचांना उभं केलं आणि विचारलं, की अजून लोक यावेत म्हणून काय करावं?

यवतमाळात चाचांना ओळखणारं कुणी नव्हतं. तिथं ते मोकळे बोलले. पोराचा आजार सांगितला, सुईनं काय झालं ते सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, आडवारी कोन येते? तुमी बाजाराच्या दिवशी या. त्या दिवशी साऱ्या खेड्यातून गाड्या भरून येतेत. एका फेरीत बाजार बी होते अन् दवा बी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथं लिहून घेतलं. बाजार म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे गिऱ्हाईक, हे दुकानदाराचं गणित. चाचांचं आयुष्य त्याच गणितावर चाललेलं, त्यामुळं त्यांना त्यात खोट दिसली नाही. परतीच्या एसटीत ते नव्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

धर्मपालला त्यांनी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की बाजारात आमचे सारे सोयरे येतात, चाचा. चाचांनी त्याला उडवून लावलं. दवाखान्यात माणूस कशासाठी बसलाय हे कोण बघत बसतं, म्हणाले.

चाचांच्या सांगण्यावरून दिवस बदलला आणि पथक पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी आलं. चाचा अब्रारला घेऊन नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. समोरचा रस्ता माणसांनी फुललेला. चाचांना ओळखत नाही असा त्या रस्त्यावर एकही माणूस नव्हता. "काय चाचा, इथं काहून?" जो तो विचारायचा आणि विचारता विचारता खोलीच्या दाराकडं, मग अब्रारकडं बघायचा. चाचा आधी ताप म्हणाले, मग पाठदुखी म्हणाले. बाकावर दुसरं कुणी नव्हतं. धर्मपाल उर्वशीला घेऊन फाटकापर्यंत आलेला त्यांना दिसला. तिथं त्याला त्याचा साळा, उर्वशीचा भाऊ, भेटला, दोघं काही बोलले, आणि धर्मपाल बायकोला घेऊन तसाच भाजीच्या ओळीकडं वळला.

तेवढ्यात उमरखेडचे रौशनसेठ दिसले. त्यांच्या मुलाशी नसरीनचं बोलणं चाललं होतं. सेठ खरेदीला आले होते आणि चाचांना बघून रस्ता ओलांडून इकडंच यायला निघाले. चाचांनी अब्रारच्या दंडाला धरून त्याला उठवलं, मागच्या वाटेनं दुकानात जा म्हणून ढकललं आणि स्वतः पुढं होऊन सेठना सलाम केला. साखर तपासायला आलो होतो, म्हणाले. दोघं चहाला निघाले. मागून नर्सनं दारात येऊन अब्रारचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. चाचांनी मान वळवली नाही.

पुढच्या महिन्यात पथक आलं तेव्हा ते गेलेच नाहीत. पोरगा बरा तर आहे, असं त्यांनी नसरीनला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, लग्न एकदा पार पडू दे, मग बघू. नसरीननं विचारलं, की सुई चुकली तर भाईला परत तसं होईल ना? चाचा तिच्यावर ओरडले. तिचं खरं होतं म्हणूनच ओरडले.

पावसाळा सरेपर्यंत मोटरी पुन्हा बोलायला लागल्या. एका दुपारी अब्रारनं गिऱ्हाइकांच्या भरून ठेवलेल्या मोटरी फोडल्या आणि आतली तार ओढून काढली. या मोटरी लोकांना माझ्याबद्दल सांगतात, म्हणाला. नसरीनच्या हातचं जेवण तो घेईना. चाचा त्याला सुईसाठी उमरखेडच्या दवाखान्यात न्यायला निघाले तर एसटीचं इंजिन सुरू होताच त्यानं खाली उडी मारली आणि मिळेल त्या वाटेनं पळत सुटला. त्यानंतर कुठल्याच गाडीत त्यानं पाय ठेवला नाही.

दिवाळीनंतर यवतमाळात आढाव्याची बैठक लागली. आता मात्र चाचांची पूर्ण तयारी होती. रात्रभर त्यांनी मनात घोकलं होतं, की उभं राहायचं आणि सांगायचं, मॅडम, चूक माझी झाली, दिवस बदला, आम्हाला लाज वाटते. इतकी साधी गोष्ट होती. सभागृहात शिरले तर समोरच्या खुर्चीवर भगवानराव. ढाणकीतले बडे कापूस व्यापारी, नव्यानं योजनेच्या समितीवर घेतलेले, आणि रौशनसेठच्या नेहमीच्या उठबशीतले. "अरे चाचा, तुमी इथं कसे?" त्यांनी हसून विचारलं. चाचांनी दवाखान्याच्या फिटिंगचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

पडद्यावर ढाणकीचा आकडा आला तो जवळजवळ रिकामाच. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर चाचांकडं वळून विचारलं, "गनीभाई, दिवस तर तुम्हीच सुचवला होता. मग लोक का येत नाहीत?"

चाचा उभे राहिले. भगवानराव खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. चाचांच्या जिभेवर सगळं होतं, अगदी पहिल्या शब्दापासून.

"लोकायले फरक पडला असंन, मॅडम," ते म्हणाले.

सभागृहाला बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, हे तर आपल्या कामाचं यश आहे. डॉक्टरीणबाईंनी चाचांकडं क्षणभर जास्त पाहिलं, पण पुढं विचारलं नाही; त्यांना अजून बरीच गावं उरकायची होती. ठरलं असं, की ढाणकीला आता गरज उरली नाही, तर पथक दुसरीकडं जावं आणि ज्यांना लागेल त्यांनी उमरखेडला यावं. पाच वर्षांच्या योजनेत ढाणकीपुढं बरं झालेलं गाव म्हणून खूण पडली. चाचा बसले. त्यांना स्वतःची किळस आली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या गोष्टीची त्यांना जास्त लाज वाटली.

नसरीनची सोयरीक पक्की झाली. रौशनसेठकडची माणसं येत-जात राहिली, आणि चाचांनी दुकानामागच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. अब्रारसाठीच आहे, तो रस्त्यावर जाऊ नये म्हणून, असं ते नसरीनला म्हणाले. ती ताट आत ठेवायची आणि तसंच उचलून आणायची.

एका बाजाराच्या दिवशी धर्मपाल दुकानात आला. तो खाली बसला नाही.

"चाचा, दवाखान्यातले म्हणते, पथक बंद झालं. तुमी तर तिथं होते ना? काय सांगतलं तुमी?"

चाचांना खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तर ते बोलले असते. "म्या म्हणलं, लोक बरे झाले," ते म्हणाले.

धर्मपालनं ते ऐकून घेतलं. उर्वशीला तिच्या भावानं माहेरी नेलं, पोरगं माझ्याकडं आहे, त्यानं सांगितलं. जायच्या आधी ती पोराला हातच लावत नव्हती. भेटायला गेलो तर म्हणतात, निजली आहे. "मले वाटलं होतं तुमी तरी सांगसान," तो म्हणाला. "आमचं कोन ऐकते? तुमाले तर त्याईनं बलावलं होतं."

मागच्या खोलीच्या दारावर आतून थाप पडली. मग दुसरी पडली. धर्मपालचे डोळे कडीवर गेले आणि तिथंच राहिले. चाचांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या क्षणी त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं त्यांना वाटलं, आणि बहुतेक त्यांनी ठेवलंही असतं.

पण रस्त्यावरून भगवानराव आत आले. त्यांच्या माणसाच्या डोक्यावर जळालेली मोटर होती. थापा चालूच होत्या.

"मागं कोन हाय, चाचा?" भगवानरावांनी विचारलं.

"कोनी नाही," चाचा म्हणाले. "ठेवा ती मोटर इथं."

धर्मपाल दुकानाच्या पायरीवरून उतरला आणि बाजाराच्या गर्दीत चालू लागला.