ओटावा व्हॅलीत पॅट यांच्या स्वयंपाकघरात

लाँग वीकेंड मी झोपून काढणार होते. पण हॉस्पिटलमधली मैत्रीण मोरीन म्हणाली, "डॅडी विसरायला लागलेत. विंटरआधी त्यांचं गाणं रेकॉर्ड करायचंय. तुझा फोन चांगला आहे, चल." जंगल तोडून शेत कसं केलं, त्याचं हे लांबलचक गाणं तिच्या आयरिश पूर्वजांनी रचलेलं. आता ते एकट्या डॅडींना, म्हणजे पॅटना येतं.

लंडनहून (हे इकडचं, टोरोंटोच्या अलीकडचं) हायवे ४०१ धरा आणि टोरोंटोच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या द्या. नॅपनीहून हायवे ४१ उत्तरेला वळतो. पुढे नुसतं जंगल आणि तळी, त्यामुळे पेट्रोल आणि वॉशरूम आधीच उरका. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि गोठा रिकामा. गायी विकून टाकल्या होत्या. मला उगाचच रडू यायला लागलं.

जेवायला हॅम आणि उकडलेले बटाटे. मी लोणचं काढलं, पॅटनी दोनदा घेतलं. मग शेजारीपाजारी स्वयंपाकघरात जमले. पॅट डोळे मिटून गायला लागले, साथीला एकही वाद्य नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला आणि गाण्याबरोबर हळूहळू फिरवत राहिला. शब्द अर्धेच कळले, तरी अंगावर काटा आला. अचानक पॅट थांबले, एक ओळ न गाता नुसती बोलले आणि डोळे उघडले. टाळ्या झाल्या. मी आपली नाट्यसंगीताच्या सवयीने ओरडले, "वन्स मोअर!"

पॅट कसंनुसं हसले. "आज नको, पोरी."

दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत मोरीन म्हणाली, "आमच्याकडे शेवटची ओळ बोलतात. म्हणजे गाणं संपलं."

"मग?"

"काल अर्धंच झालं होतं. पुढचं आठवेना, म्हणून त्यांनी तिथेच संपवलं."

"बाकीच्यांना कळलं?"

"न कळायला काय झालं? जन्मभर ऐकलंय सगळ्यांनी. येत कुणालाच नाही."

तोंड कुठे लपवू असं झालं मला. नॅपनीला कॉफी घेतली, ती तशीच गार झाली.

व्हॅली सुंदर आहे, जरूर जा. मी मात्र घरी आल्यापासून उदास आहे. रेकॉर्डिंग पाठवताना मोरीनला विचारलं, "शेवटचं माझं ओरडणं कापू का?"

"राहू दे. डॅडींचा फोन आला होता. विचारत होते, पूर्ण आलं ना?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. आता गाणं एवढंच."