साड्यांमधला साबण

आईच्या कपाटातून शाल काढली की अजून मधाच्या साबणाचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. नाशिकच्या त्या थंडीत तिच्या हातांना इतक्या भेगा पडल्या होत्या की कणीक मळताना ती कळवळायची. शेवटी पेठच्या बचत गटाच्या स्टॉलवरून मी तिच्यासाठी मधाचा साबण आणला. विकणारी बाई म्हणाली, "मधानं कातडी मऊ ऱ्हाते ताई, ताणत नाय." आईने तो कागदासकट हुंगला आणि थेट साड्यांच्या घडीत ठेवला. "इतका वासाचा साबण भांडी घासणाऱ्या हातांना कशाला?" मी तो काढून बेसिनवर ठेवला. संध्याकाळी बघते तर साबण परत कपाटात आणि बेसिनवर कपडे धुवायच्या साबणाचा झिजलेला तुकडा. "अगं, हात फुटलेत तुझे, साड्या नाही!" मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "हात काय, उन्हाळ्यात भरून येतात." आता आई नाही. साबण आहे, वास आहे, साड्या तर अगदी नव्यासारख्या आहेत, आणि ओरडायचं म्हटलं तर समोर फक्त कपाट.